उद्दिष्ट नव्हे, नेम

डिसेंबर सरत आला की मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून, तरुणांच्या प्रार्थनागटांतून आणि आता मोबाइलवरच्या गटांतूनही एक तक्ता फिरू लागतो. नव्या वर्षात आध्यात्मिक वाढीसाठी तुमची उद्दिष्टे कोणती, अशा अर्थाचा त्याचा मथळा असतो. खाली रकाने: रोज बायबलचे किती अध्याय वाचणार, किती मिनिटे प्रार्थना करणार, महिन्यातून किती उपास, वर्षभरात किती जणांपर्यंत सुवार्ता नेणार. शेवटचा रकाना बहुधा आढाव्याचा. दर तीन महिन्यांनी स्वतःला तपासायचे आणि मागे पडलो असू तर वेग वाढवायचा. तक्ता तयार करणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. बायबल वाचावे, प्रार्थना करावी, उपास करावा, याला माझाही विरोध नाही. माझा आक्षेप तक्त्याच्या भाषेला आहे, आणि भाषेला आहे म्हणूनच तो वरवरचा नाही. माणूस ज्या भाषेत स्वतःच्या अंतरंगाविषयी बोलतो, त्या भाषेचे वळण त्याच्या अंतरंगाला लागते. 'उद्दिष्ट', 'पूर्तता', 'आढावा', 'कामगिरी' या शब्दांचे वळण लागलेले अंतरंग कसे असेल, याची कल्पना करून पाहावी.

हा ख्रिस्ती मंडळ्यांचा घरचा प्रश्न आहे, त्यात साहित्याच्या शिक्षकाने का पडावे, असे कोणी विचारील. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की ही भाषा आपण चांगली ओळखतो. विष्णुपुरीचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले. 'नॅक' ही मूल्यांकन संस्थाही त्याच वर्षी जन्मली. २०१० च्या यूजीसी नियमावलीने अध्यापकाच्या कामाला 'एपीआय'चे गुण लावले. आता प्रत्येक अभ्यासपत्रिकेला अध्ययन-निष्पत्ती लिहावी लागते: हा घटक शिकल्यावर विद्यार्थी अमुक अमुक करू शकेल. तुकाराम शिकल्यावर विद्यार्थी नेमके काय करू शकेल? रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून आपण काहीतरी लिहितो, आणि लिहिलेले खरे नाही हे लिहिणाऱ्याला, तपासणाऱ्याला आणि विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. मोजता येते ते केले जाते आणि मोजता येत नाही ते हळूहळू कोणी करीनासे होते, हा धडा आपण शिकून बसलो आहोत. विष्णुपुरीच्या जलाशयात आज किती टक्के साठा आहे हे सांगता येते, सांगितलेही पाहिजे. खालच्या शेतांचे आणि नांदेडच्या नळांचे पाणी त्यावर ठरते. एखाद्या विद्यार्थ्यात कविता किती टक्के भरली हे मात्र कोणत्याही मोजपट्टीवर वाचता येत नाही. मग त्याच्यात देव किती टक्के भरला, हे कसे वाचणार?

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. माणूस आतून कसा वाढतो या विषयावरचे मराठीतले काही उत्तम ग्रंथ ख्रिस्ती लेखक-लेखिकांनी लिहिले आहेत. ते आपण वर्गात शिकवतो. त्या ग्रंथांत वाढीची जी कल्पना आहे ती या तक्त्याला उघडउघड छेद देते. तक्ता वापरणाऱ्यांच्या घरातच हे ग्रंथ आहेत, आणि तरी आध्यात्मिक जीवनाचे शब्द ते व्यवस्थापनशास्त्राकडून उसने घेतात. ही परवड साहित्याच्या माणसाने दाखवायची नाही तर कोणी?

उसनवारी म्हणताना तिचा मूळ पत्ताही सांगितला पाहिजे. पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये उद्दिष्टांच्या आधारे व्यवस्थापन ही कल्पना मांडली. १९८१ मध्ये जॉर्ज डोरन यांनी चांगल्या उद्दिष्टाची पाच लक्षणे एका छोट्या लेखात सांगितली. 'स्मार्ट गोल' म्हणून ती जगभर पसरली. ड्रकर यांनी अमेरिकेतल्या मोठमोठ्या चर्चच्या कारभारातही रस घेतला, आणि त्यांना गुरुस्थानी मानणारे रिक वॉरेन यांनी १९९५ आणि २००२ मध्ये लिहिलेल्या दोन पुस्तकांनी हेतू आखून चालणारे चर्च आणि हेतू आखून जगणारा ख्रिस्ती माणूस हे नमुने सर्वत्र पोहोचवले. कारखान्यासाठी घडलेली भाषा अशी उपासनामंदिरात आली. कारखान्यासाठी ती वाईट नव्हती. किती नग, किती दिवसांत, किती खर्चात, हे प्रश्न तिथे विचारायचेच असतात. प्रश्न इतकाच की माणूस हा नग आहे काय?

सगळा दोष अमेरिकेतल्या अलीकडच्या पुस्तकांना देणेही बरोबर नाही. मोजणीची सवय आपल्याकडच्या मिशनांनाही जुनीच. अमेरिकन मराठी मिशन अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १८३१ पासून काम करीत होते, आणि वर्षाच्या अहवालांत शाळा, विद्यार्थी, बाप्तिस्मे यांचे आकडे असत. दूर बॉस्टनमध्ये पैसे देणाऱ्याला काहीतरी दाखवावे लागते, हे समजण्यासारखे आहे. फरक असा की तेव्हा संस्था आपल्या कामाची मोजणी करी. आजचा तक्ता माणसाला स्वतःच्याच आत्म्याचा कारकून बनवतो. अहवाल पाठवणारा तोच, वाचणारा तोच, शेरा मारणाराही तोच.

शुभवर्तमानांत आपल्या आध्यात्मिक कामगिरीचा आकड्यांसह अहवाल देवापुढे ठेवणारा एक माणूस आहे. तो लूकच्या अठराव्या अध्यायात भेटतो. आठवड्यातून दोन उपास आणि मिळकतीचा दहावा हिस्सा दान, ही त्याची नोंद चोख आहे. आजच्या तक्त्यात त्याला पूर्ण गुण मिळाले असते. तो परुशी आहे. त्याच्यापासून दूर उभा राहून मान खाली घालणाऱ्या जकातदाराच्या नावावर एकही पूर्ण केलेले उद्दिष्ट नाही, आणि कथेचा निकाल त्याच्या बाजूने लागतो. मार्कच्या चौथ्या अध्यायातला शेतकरी बी पेरतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो. रोप वाढते ते कसे, हे त्याला कळतही नाही. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाही. उगवण पाहण्यासाठी रोज माती उकरणारा शेतकरी आपल्याकडे वेडा ठरतो. आध्यात्मिक जीवनात मात्र दर तिमाहीला माती उकरण्याला आपण शिस्त म्हणू लागलो आहोत.

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले असते: मग काय, काहीच ठरवायचे नाही? मनाला येईल तेव्हा प्रार्थना, वाटेल तेव्हा वाचन? इथे मराठी भाषा आपल्या मदतीला येते. 'नेम' हा शब्द पाहा. बंदुकीचाही नेम असतो आणि वारीचाही. पहिल्या नेमाला समोर लक्ष्य लागते, आणि ते साधले की काम संपले. दुसऱ्या नेमाला लक्ष्य नसते, खंड नसावा एवढीच अट असते. पावसाचा नेम नाही असे आपण म्हणतो, आणि त्याच बेभरवशाच्या पावसात आषाढीचा नेम चालू राहतो. यंदा किती किलोमीटर चाललो, गेल्या वर्षापेक्षा माझी भक्ती किती वाढली, याची नोंद वारकरी ठेवीत नाही. पंढरपूरला पोहोचणे हे वारीचे 'उद्दिष्ट' म्हटले तर दरवर्षी तेच उद्दिष्ट पुन्हा कशासाठी, याचे उत्तर व्यवस्थापनशास्त्राजवळ नाही. नेमाजवळ आहे. नेम माणसाला पुढे नेण्याची हमी देत नाही. तो त्याला जागेवर हजर ठेवतो, म्हणजे जे यायचे ते आले तर माणूस घरी सापडतो. नेम एकट्याचा राहत नाही, दिंडीचा होतो, हाही त्याचा गुण.

नारायण वामन टिळकांना हा फरक उमगला होता. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते सांगत, आणि ख्रिस्ती उपासनेला अभंग, भजन, कीर्तन यांचे मराठी रूप देण्यात त्यांनी आयुष्य घातले. त्यांनी रचलेली गीते मराठी मंडळ्या आजही 'उपासना-संगीता'तून गातात. ज्या ओठांवर ही गीते आहेत, त्याच ओठांवर 'लक्ष्यपूर्ती' हा शब्दही आहे, हे ऐकताना कानाला खटकत कसे नाही?

तरीही ठरवण्याचे, संकल्पाचे एक खरे उदाहरण आपल्या इतिहासात आहे, आणि तेही जानेवारीतले. १९०५ च्या जानेवारीत केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी आत्मिक जागृतीची गरज बोलून दाखवली आणि तिच्यासाठी रोज एकत्र प्रार्थना करायला कोण येईल, असे विचारले. सत्तर जणी पुढे आल्या. जून संपताना जागृतीला सुरुवात झाली तेव्हा दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या साडेपाचशेच्या घरात गेली होती. आजचा अहवाललेखक या आकड्यांवर खूश होईल: सहा महिन्यांत जवळजवळ आठपट वाढ! पण रमाबाईंनी काय मागितले होते ते नीट पाहावे. पाचशे बायका जमवू, असे त्यांनी ठरवले नव्हते. जूनपर्यंत जागृती व्हावी, असेही नव्हते. रोज जमायचे, एवढेच. पुढे जे घडले ते आपल्या नियोजनाचे फळ आहे असे तिथल्या कोणाला वाटले नाही. हा नेम होता. आकडे त्याच्या मागून आले, आणि ते आले नसते तरी नेम मोडला नसता.

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' (१९३४–३६) या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. काही काळ वेगळ्या राहून लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ परतल्या तरी सोवळे सुटले नाही. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. या काळातल्या त्यांच्या वाढीचा आलेख कोणी काढला असता तर तो वर्षानुवर्षे सपाट दिसला असता. मग एके दिवशी विचार करता करता त्यांना पटले की जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे. आणि पटल्याबरोबर त्यांनी तो टाकला. तोपर्यंत त्यांचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. तो १९०० मध्ये झाला. ही बाई ख्रिस्ती झाली ती कागदावर येण्याआधी पाण्याच्या भांड्यापाशी. या क्षणासाठी तक्त्यात कोणता रकाना ठेवायचा? आणि रकाना ठेवला असता, दर तीन महिन्यांनी 'सोवळे किती कमी झाले' अशी तपासणी झाली असती, तर तो क्षण आला असता काय? टिळकांनी पत्नीवर उद्दिष्ट लादले नाही, हे त्या घरातले मोठे शहाणपण होते. शीघ्रकोपी म्हणून पुस्तकभर गाजलेल्या या माणसाने इथे मात्र वाट पाहिली.

खुद्द टिळकांचे शेवटचे पर्व तर कामगिरीच्या भाषेला पुरते निरुत्तर करणारे आहे. वयाच्या पंचावन्न-छप्पनाव्या वर्षी, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात असावेत, ही त्यामागची कल्पना. दोन वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात, ते गेले. दरबार मोठा झाला नाही. १९०९ मध्ये आरंभलेले 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि पूर्णत्वाला पोचवले. ग्रंथ १९३८ मध्ये छापून आला तेव्हा लक्ष्मीबाईंनाही जाऊन दोन वर्षे झाली होती. दोघांपैकी एकानेही पूर्ण पुस्तक छापलेले पाहिले नाही. उद्दिष्टांच्या हिशोबात ही दोन अपयशे. मराठी वाङ्मयाच्या आणि मराठी ख्रिस्ती जीवनाच्या हिशोबात काय, हे वेगळे सांगायला नको.

आता प्रतिपक्षाचे बलवान मुद्दे घेऊ. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःला लक्ष्याकडे धावणारा म्हटले आहे, हे खरे. पण त्याच ठिकाणी आपण अजून तिथे पोचलो नाही आणि मागचे विसरून धावतो, असेही तो सांगतो. मागचे विसरणाऱ्याला तिमाही आढावा कसा घेता येईल? दुसरा मुद्दा जोनाथन एडवर्ड्सचा. या अमेरिकन धर्मवेत्त्याने १७२२–२३ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, स्वतःसाठी सत्तर निश्चय लिहिले आणि ते आठवड्यातून एकदा वाचायचे ठरवले. तक्तेवाल्यांचा तो लाडका पूर्वज. मात्र प्रौढपणी लिहिलेल्या आत्मकथनात त्याने त्या दिवसांकडे वळून पाहिले तेव्हा, आपण तेव्हा स्वतःच्या बळावर फार विसंबलो होतो, असे नोंदवले. पूर्वज मानायचा तर त्याचे हे म्हणणेही ऐकावे.

तिसरा मुद्दा सर्वांत अवघड आहे. सोळाव्या शतकात इग्नाशियस लोयोलाने आपल्या साधनापुस्तकात चक्क मोजणी सांगितली आहे. एक दोष निवडायचा, दिवसात तो किती वेळा घडला त्याचे ठिपके रेघेवर मांडायचे आणि दिवसांची दिवसांशी, आठवड्यांची आठवड्यांशी तुलना करायची. १६१६ मध्ये सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीला देणारे फादर थॉमस स्टीफन्स याच जेझुइट परंपरेतले. म्हणजे मोजणी परंपरेत आहेच. पण मोजायचे काय, ते पाहावे. तिथे मोजायची असते पडझड, प्रगती नव्हे. आपले दोष मोजणारा माणूस संध्याकाळी जकातदाराजवळ उभा असतो. आपले गुण मोजणारा परुशाजवळ. आपल्या संतांनीही स्वतःच्या अवगुणांचीच यादी देवापुढे ठेवली. पुण्याची यादी ठेवणाऱ्यांची त्यांनी काय संभावना केली, हे या पानाच्या वाचकांना माहीत आहे.

उद्दिष्ट हा शब्दच हद्दपार करावा, असे माझे म्हणणे नाही. कामाला उद्दिष्ट असते. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणायचे ठरवले, आयुष्याची अखेरची वर्षे त्यात घातली, आणि १९२२ मध्ये त्या गेल्यावर दोन वर्षांनी ते प्रसिद्ध झाले. हे उद्दिष्टच होते. त्याला पाने होती, अध्याय होते, छापखाना होता, शेवट होता. भाषांतर पूर्ण होते. भाषांतर करणारी बाई 'पूर्ण' होते काय? एका वर्षात बायबल वाचून संपवण्याचा तक्ता नेमका इथे घसरतो. तो वाचनाचे उद्दिष्ट ठरवतो आणि त्याला वाढ हे नाव देतो. वर्षभर एकाच स्तोत्रापाशी अडून राहिलेला वाचक या तक्त्यात नापास होतो. आणि अशा अडून राहिलेल्या वाचकांच्या जिवावरच तर साहित्याचा आपला सगळा संसार चालतो!

नववर्षाची एक जुनी ख्रिस्ती रीत या तक्त्याच्या अगदी उलट आहे, हेही नमूद करतो. जॉन वेस्लीने १७५५ मध्ये कराराची उपासना सुरू केली. पुढे मेथडिस्ट मंडळ्यांत ती नव्या वर्षाच्या आरंभी करण्याचा प्रघात पडला. तिच्यातला भक्त देवाला आपले बेत सांगत नाही. तू मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, दोन्ही मला मान्य आहे, अशा आशयाचे तो बोलतो. वर्षाच्या पहिल्या दिवशी आपण बाजूला ठेवले जाऊ शकतो हे कबूल करणे, आणि त्याच दिवशी चार तिमाह्यांचा आराखडा आखणे, या दोन गोष्टी एका मनात कशा नांदतात, हे मला अजून कोणी समजावलेले नाही.

शेवटचा मुद्दा मराठवाड्याचा. इथले ख्रिस्ती समाज मोठ्या प्रमाणात गावकुसाबाहेरून आलेले आहेत. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली तेव्हापासूनचा हा इतिहास आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. ज्याला जातीचा चटका बसतो पण कागद जात मानत नाही, त्या माणसाच्या हाती वैयक्तिक वाढीचा तक्ता देणे म्हणजे त्याच्या दुःखाला त्याचीच आळशी प्रार्थना कारणीभूत आहे असे सुचवणे आहे. तक्ता माणसाला एकटा पाडतो, मी माझा किती वाढलो एवढेच विचारतो. मंडळीत कोणाच्या घरी कोण जेवत नाही, सोयरीक ठरवताना जुनी जात कशी हळूच विचारली जाते, हे प्रश्न त्याला सुचत नाहीत. लक्ष्मीबाईंची वाढ पाण्याच्या भांड्यापाशी झाली. ते भांडे आजही सगळ्या घरांतून हललेले नाही.

म्हणून आपल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एक विनंती. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, आपल्याच मराठवाड्यात, फादर फ्रान्सिस दिब्रिटो साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ते धर्मगुरू आहेत म्हणून त्यांच्या निवडीवर आक्षेप घेतले गेले. २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्या परंपरेतले ग्रंथ आपण 'ख्रिस्ती साहित्यप्रवाह' या घटकात बसवतो आणि चार ओळींच्या निष्पत्तीत आवळतो. म्हणजे मंडळ्या जे आत्म्याचे करतात तेच आपण त्या ग्रंथांचे करतो. 'स्मृतिचित्रे' हे विनोदी आणि प्रांजळ आत्मचरित्र म्हणून शिकवून थांबू नये. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' (१८८८) पहिल्या आत्मचरित्रांतले एक म्हणून नोंदवून पुढे जाऊ नये. त्याच्या नावातच वाढीची कल्पना आहे: उजाडताना नेमके कोणत्या मिनिटाला उजाडले, हे कोणालाच सांगता येत नाही.

नव्या वर्षासाठी ज्यांना काही ठरवायचेच आहे त्यांनी नेम ठरवावा. तो लहान असावा, चारचौघांबरोबर पाळता येण्याजोगा असावा, आणि त्याची वही ठेवू नये. वही ठेवायचीच असेल तर कोणाच्या हातचे पाणी अजून आपल्याला चालत नाही, एवढे एकच त्या वहीत लिहावे.